तायाप्पाचं खत आणि आंधळ्या डोहातला गिऱ्हा

सरका, सरका जवळ. वीज यायला अजून दीड तास आहे, तोवर मोटर काय आपोआप सुरू व्हायची नाही. भागवत, त्या पांदीच्या वाटेकडं बघत बसू नकोस, इकडं तोंड कर. नदीचा विषय तुम्हीच काढलात, तर आता ऐका. पण मधेच कुणी उठायचं नाही. उठलात तर एकट्यानं जावं लागेल, आधीच सांगून ठेवतो.

तायाप्पा कोळेकर. वरच्या आळीला घर. माणूस कसा? धिप्पाड. आवाज असा, की अलीकडच्या काठावरनं खाकरला तरी पलीकडच्या म्हशीनं कान टवकारावेत. आणि स्वतःवर भरवसा तर विचारू नका! पारावर बसून म्हणायचा, "भूत मला गावलं ना, तर वैरण कापायलाच लावतो त्याला." लोक हसायचे. तोही हसायचा.

त्याच्या सहा म्हशी होत्या. त्यांच्या वैरणीचं रान सीनेच्या पलीकडं, नदी जिथं वळते तिथं. दीड एकर. आणि रान म्हणजे काय हो? वाळू! निव्वळ वाळू! मूठ भरून उचला, घरी आणेस्तोवर बोटांतनं सांडून मोकळी. तिथं ज्वारी धरेना, हरभरा धरेना. तायाप्पानं हत्तीगवत लावलं. लोक म्हणाले, वेडा आहे.

पहिल्या साली वेडाच ठरला. युरियाचं अख्खं पोतं एका दिवसात फेकलं आणि रात्रभर पाणी सोडलं. आठ दिवस गवत असं काळंभोर, की लोक बांधावर बघायला यायचे. तिसऱ्या आठवड्यात पिवळं पडलं. का पडलं? सांगा की. अरे, वाळूचं रान म्हणजे चाळण! पाणी खाली गेलं, पाण्याबरोबर खत खाली गेलं. मुळं वर, खत पाताळात. गवतानं खायचं काय?

पण माणूस चिवट. उन्हाळ्यात गाळ ओढून रानात टाकला, वर शेणखत. चार वर्षं टाकलं. आणि युरिया? कापणी झाली की थोडा, पंधरा दिवसांनी परत थोडा. तोही कोरडा नाही. निंबोळीची पेंड कुटून तिच्यात कालवायचा, म्हणजे चटकन विरघळून निसटून जात नाही. वर हलकं पाणी, भिजेल एवढंच. पारावर विचारलं कुणी, तर म्हणायचा, "वाळूचं रान तान्ह्या पोरावाणी असतंय. एकदम पोटभर पाजलं तर ओकतंय. घोट घोट पाजायचं, पन सारखं पाजायचं." आणि गवत आलं! माणूस आत शिरला तर दिसत नव्हता, असं आलं.

तर ते साल दुष्काळाचं होतं. माघाचा महिना. नदी आटली होती, नुसती वाळू आणि मधे एक डोह. आंधळा डोह म्हणतात त्याला. माहीत आहे ना? वरून बघितलं तर पाणी गुडघाभर वाटतं, आणि आत बैलगाडी उभी बुडेल. त्यात पूर्वी कोण कोण गेलंय ते मी मोजत बसत नाही. डोहात गिऱ्हा आहे हे मात्र लहान पोरालाही ठाऊक होतं. गिऱ्हा म्हणजे पाण्यातलं भूत. ते अंगात येत नाही, मानगुटीला बसत नाही. ते फसवतं. वाट दाखवतं, आणि वाट पाण्यात नेतं.

आजूबाजूला सगळ्यांची वैरण संपलेली. गावातली जनावरं बाजाराला लागली होती. तायाप्पाच्या म्हशी टिकून होत्या त्या तेवढ्या हत्तीगवतावर. सहा दिवसांपूर्वी कापणी झालेली, खोडव्याला, म्हणजे राहिलेल्या बुडख्यांना, चार बोटं फूट आलेली. आता खत पाहिजे आणि खताबरोबर पाणी पाहिजे. दिवसा वीज नाही. मिळणार रात्री दहाला, तीही त्या एकाच रात्री, मग चार दिवस बंद. खत टाकून पाणी दिलं नाही तर खत हवेत जातं. नुसतं पाणी दिलं तर फूट उपाशी राहते. आणि फूट उपाशी राहिली तर म्हशी दावणीतनं सुटल्याच म्हणून समजा.

मालन त्याची बायको. जेवण वाढता वाढता म्हणाली, "अवसेच्या तोंडावर नदीतनं जायाचं न्हाई. पुलावरनं जावा."

"पूल तीन मैल वर, तीन मैल खाली. डोक्यावर वझं घिऊन सहा मैल चालू? तवर वीज येऊन जाईल."

"मग म्या येते संगं."

"मधल्या म्हशीचे दिवस भरल्यात, तिच्यापाशी कोन? गप जेव तू. माझी रोजची वाट हाय ती."

रोजची होती, खरं आहे. पण दिवसाची. रात्रीची नव्हती.

हातात कंदील, डोक्यावर पोतं. पोत्यात पेंडीत कालवलेला युरिया, पंचवीस-तीस किलो भरेल एवढा. निघाला! पांद उतरला, वाळूत आला. वारा नाही. कोल्हा नाही, टिटवी नाही. नुसता पायाचा आवाज. खसक्, खसक्, खसक्.

थोडा पुढं गेला. आवाज दुप्पट झाला.

खसक्-खसक्. खसक्-खसक्.

थांबला. तोही थांबला. चालला. तोही चालला. तायाप्पानं मान वळवली नाही. डोक्यावर ओझं असलं की मान वळत नाही, आणि ते बरंच झालं म्हणा.

"तायाप्पा, आरं थांब की! किती पळतुयास?"

बाबूराव! शेजारच्या रानाचा बाबूराव. आवाज तोच, थोडा घोगरा, नाकातला. बाजूनं पुढं आला. तोच पटका, तीच काठी. तायाप्पाच्या जिवात जीव आला. म्हणाला, "तू कुटं रं आत्ता?"

"मोटर बगाय. वीज येनार न्हवं? दे ते पोतं हिकडं, निम्म्या वाटंपातूर नेतो."

"कशाला? निम्मी वाट झाली की माजी."

"मग खाली तरी ठेव. दम खा."

"दम लागलाच न्हाई तर खाऊ कसा?"

चालत राहिले. पण आता तायाप्पाच्या एक गोष्ट ध्यानात आली. नीट ऐका हं. बाबूराव चालतोय बरोबर, पण तीन हात लांबनं. हा डावीकडं सरकला की तो आणखी डावीकडं. याचा कंदील त्याच्याकडं गेला की तो मागं. आणि त्याच्या धोतरातनं पाणी गळतंय. टप्, टप्, टप्. नदीला तर टाचभरही पाणी नाही!

तायाप्पा म्हणाला, "जवळ ये की. बिडी वड."

"नगं. तुज्या पोत्याचा वास येतुया. कडू. डोसकं उठतंय माजं."

आता बघा! ज्यानं जन्मभर रानात निंबोळी पेंड टाकली, जनावरांच्या गोठ्यात कडुलिंबाचा धूर केला, त्या बाबूरावाचं डोकं निंबोळीच्या वासानं उठतंय? तायाप्पा काय ते समजला. पण चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. म्हणाला, "आसंल बाबा," आणि पाय उचलला.

पाय उचलला, पण वाट संपेना. पलीकडचा काठ तो तिथं दिसतोय, बाभळी तिथं दिसतात. चाल चाल चालला. बाभळी तेवढ्याच लांब! नदीचं पात्र दोन फर्लांगांचं. एवढ्यात चार फर्लांग झाले असतील. खाली बघतो तर वाळूत पाय उमटलेले. एका माणसाचे. अनवाणी, उजव्या पायाची करंगळी तुटलेली. तायाप्पाचेच! स्वतःच्याच पावलांवर पावलं टाकत तो फिरत होता. किती वेळ, देव जाणे.

आणि पोतं जड व्हायला लागलं. आधी वाटलं मान भरली. मग वाटलं पोत्यात ओली वाळू भरलीय. मग वाटलं, कुणीतरी वर पाय सोडून बसलंय. मानेची हाडं कडाकडा वाजायला लागली.

"ठेव की खाली," शेजारून आवाज आला. मऊ आवाज. "कशाला जीव काडतोस? ठेव."

दुसरा असता तर त्यानं पोतं टाकून धूम ठोकली असती. तुम्ही काय केलं असतंत? मी तर टाकलंच असतं. पण तायाप्पानं विचार केला, अरे, हा सारखं खाली ठेव, खाली ठेव म्हणतोय, आणि स्वतः जवळ येत नाही. म्हणजे पोतं आहे तोवर मी आहे. त्यानं दात आवळले, दोन्ही हातांनी पोत्याचे कान धरले. कंदील? कंदील त्याच वेळी हातातनं निसटला आणि विझला. अंधार!

अंधार झाला आणि समोर रान आलं.

अहो, त्याचंच रान! तोच बांध, तोच वाकडा दगड, तीच मोटारीची खोपी आणि खोपीत दिवा. आणि गवत! डोक्याच्या वर गेलेलं, हिरवंगार, वारा नसताना हलतंय. सळसळ, सळसळ. पानांवर दव चमकतंय.

"आलं बग तुजं रान," बाबूराव म्हणाला. "आता पोतं रिकामं कर. वत समदं एकदम."

तायाप्पा बघत राहिला. असं गवत बघून कुणाचा जीव हलणार नाही? वर्षभर ज्याच्यासाठी मरायचं ते समोर उभं. एक पाऊल टाकलं त्यानं. दुसरं टाकायला पाय उचलला. आणि तसाच थांबला.

सहा दिवसांपूर्वी कापलेलं गवत पुरुषभर कसं होईल? चार बोटं फूट होती. काल स्वतः वाकून बोटं लावून मोजली होती. खत कितीही घाला, गवत गवताच्याच चालीनं वाढतं. आपली मेहनत कुठवर पोचलीय हे शेतकऱ्याला माहीत असतं हो. जास्त दिसलं की त्यानं ओळखावं.

पोतं डोक्यावर तसंच धरून, गुडघ्यात वाकून, एका हातानं त्यानं पायाखालची माती चाचपली. त्याच्या रानाची मूठ वळायची, चार वर्षांचा गाळ आणि शेण होतं तिच्यात. हाताला काय लागलं? गार शेवाळ. आणि वीतभर पुढं पाणी. काळं, हालचाल नसलेलं पाणी. आंधळा डोह!

"वत की!" बाबूरावाचा आवाज आता बाबूरावाचा राहिला नव्हता.

आणि मंडळी, तायाप्पानं काय करावं? तो गिऱ्ह्याशी भांडला! म्हणाला, "वाळूच्या रानाला एकदम वतत न्हाईत. तुला खत कळत न्हाई, रान कळत न्हाई, आन् निगालाय मला शिकवाय! बाबूराव म्हनं! बाबूरावाला इचार जा, मुठीमुठीनं द्यावं लागतंय."

हे ऐकलं आणि ते वाढायला लागलं. पटका गळून पडला. केस, लांब ओले केस. हात गुडघ्याच्या खाली आले. रान गेलं, गवत गेलं, खोपी गेली. राहिला फक्त तो खोपीतला दिवा, डोहाच्या मध्यावर, पाण्यापासून हातभर वर. आणि ते त्याच्या वाटेत आडवं उभं राहिलं. मागं डोह, पुढं ते.

तायाप्पानं पोतं खांद्यावर घेतलं, तोंड सोडलं, मूठ भरली आणि फेकली. समोर, अर्धगोल, अशी! रोज रानात फेकायचा तशीच. पेंड वाळूवर पडली मात्र, ते किंचाळलं आणि दहा पावलं मागं उडालं. तायाप्पा दहा पावलं पुढं गेला. पण वाळू ती! पेंडीची भुकटी कणाकणातनं खाली उतरली, वास विरला, आणि ते परत तीन हातांवर. परत मूठ. परत दहा पावलं.

पण जायचं कुठं? काठ दिसत नाही. दिशा नाही. दिवा एकच, तो डोहावरचा. तेवढ्यात उजव्या हाताला, लांब, एक दिवा लागला. गेला. परत लागला. पिवळट, मिणमिणता, थरथरणारा. दहा वाजले होते, वीज आली होती! आता दोन दिवे. एक स्थिर, पांढरा, सुरेख. दुसरा आचके देणारा. तायाप्पा ओरडला, "माज्या खोपीतला दिवा कवा थिर राहिलाय रं?" आणि उजवीकडं वळला.

मग गिऱ्ह्यानं सोंगं काढली. अहो, काय काय सोंगं! समोर म्हैस हंबरली, विताना अडली की हंबरते तशी. तायाप्पा थांबला नाही. मूठ. दहा पावलं. मग मागून मालन. रडत, धापा टाकत. "आवो, मागं बगा. म्या पडले वाळूत. धरा मला." इथं मात्र त्याचा पाय अडखळला. बायकोचा आवाज तो, वीस वर्षांचा. डोळ्यांतनं पाणी आलं त्याच्या, पण मान वळली नाही. म्हणाला, "मालन असलीस तर म्हशीपाशी आसशील." मूठ. दहा पावलं.

मग ते हसायला लागलं. "घाबरलास? मूठमूठ काय टाकतोस? टाक समदं माज्या अंगावर! एकदम टाक, मी मरतो की!"

आणि खरंच मन झालं त्याचं. एकदाच ओतावं आणि पळत सुटावं. माणसाचं असंच होतं. पण पहिल्या सालचं पिवळं गवत त्याला आठवलं. वाळूवर एकदम ओतलेलं किती घटका टिकतं ते त्यानं बघितलं होतं. पोत्यात हात घालून अंदाज घेतला. काठ अजून शंभर हात. त्यानं मूठ लहान केली. आणखी लहान केली. चिमटीवर आला.

शेवटची चिमूट पडली तेव्हा काठ सात पावलं होता. पोतं रिकामं!

त्यानं पोतं उलटं केलं आणि डोक्यावरून खोळ घातली. पेंडीचा धुरळा नाकात, डोळ्यांत, तोंडात. कडूजहर! पळाला. एक, दोन, तीन. चौथ्या पावलाला घोट्याला विळखा पडला. गार. हाताला नव्हे, मुळीला असावीत तशी लांब बोटं. खाली आपटला. ओढायला लागलं ते, मागं, डोहाकडं. तायाप्पानं डोक्यावरची खोळ काढली, घोट्यावर मारली, परत मारली, परत मारली! बोटं सुटली. गुडघ्यांवर, हातांवर, रांगत रांगत काठ चढला आणि बाभळीच्या बुंध्याला मिठी मारून बसला. काटे टोचले, त्याला कळलं नाही.

खाली वाळूत बराच वेळ काहीतरी फिरत होतं. मग डोहात मोठा दगड टाकल्यासारखा आवाज झाला. आणि बेडूक ओरडायला लागले. तेव्हा त्याला कळलं, इतका वेळ बेडूकसुद्धा गप्प होते.

माणूस कसा चिवट बघा. अर्ध्या तासानं उठला, लंगडत खोपीत गेला, मोटर चालू केली आणि रानाला हलकं पाणी दिलं. खत नव्हतं, पण पाणी तर होतं. चार दिवसांनी वीज आली तेव्हा मालन आणि तो, दोघंही दिवसा उजेडी खत घेऊन पुलावरून गेले, बाबूरावानं रात्री पाणी धरलं. उशीर झाला, पण फूट वाचली. सहाच्या सहा म्हशी दावणीला राहिल्या.

त्या रात्रीनंतरच्या सकाळी चार माणसं नदीत उतरली होती. मीही होतो, म्हणून सांगतो. आंधळ्या डोहाभोवती तायाप्पाच्या पावलांचे वेढे. अकरा मोजले आम्ही. शेवटचं पाऊल पाण्यापासून वीतभर. शेजारी दुसऱ्या कुणाचा पाय नाही. फक्त ओली रेघ, ओलं धोतर ओढत न्यावं तशी. दुपारचं ऊन डोक्यावर आलं, सगळी वाळू फुफाट्यासारखी तापली, ती रेघ वाळली नाही.

तिथून आम्ही बाबूरावाकडं गेलो. तो अंथरुणात, तीन दिवस तापानं फणफणलेला. तायाप्पाला दारात बघितलं आणि उठून भिंतीला टेकला. म्हणाला, "काल राती का आला व्हतास?"

"म्या? कवा?"

"मध्यान रातीला. कडी वाजवत व्हतास. बाबूराव, नदीत चल, पोतं लई जड झालंय, हात दे, म्हनत व्हतास. म्या उठलो पन. हिनं कडी काडू दिली न्हाई. म्हनली, तायाप्पाची हाक आळीला ऐकू जाती, आन् ही दारातच विरतीया. सकाळी बगतुया तर उंबऱ्याभाईर पाण्याचं थारोळं."

तायाप्पा खाली बसला. डोहाकाठी त्याच्या तोंडून निघालेलं, "बाबूरावाला इचार जा," ते त्याला आठवलं. त्यानंतर पारावर बसून भुताला वैरण कापायला लावायची भाषा त्यानं कधी केली नाही. घोट्यावरच्या पाच काळ्या खुणा मात्र मागितलं तर दाखवायचा. मी हात लावून बघितल्यात. तेवढी जागा भर उन्हाळ्यात गार असायची.

म्हणून सांगतो, अंधार पडल्यावर नदीतली वाट धरायची नाही. कितीही घाई असू दे, वीज जाऊ दे, खत राहू दे. पुलावरून जा. सहा मैल जास्त चाललं म्हणून आजवर कुणी मेलेला नाही. आणि नदीच्या अंगानं ओळखीच्या आवाजात कुणी म्हणालंच, ओझं खाली ठेव, तर त्याला ओ द्यायची नाही, आणि आपल्या माणसाचं नाव त्याच्यापुढं घ्यायचं नाही. ते नाव घेऊन ते घरापर्यंत येतं.